भाव पडत नाहीत, तेव्हा काय पडतं?



जागेत पैसे गुंतवण्याचा विषय निघाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘माणसं वाढतात, जमीन काही वाढत नाही. तेव्हा जागेचा भाव कधी पडायचा नाही.’ हे सांगणारे बहुतेक वेळा घरातले वडीलधारे असतात आणि त्यांच्या आयुष्यात ते खरंही ठरलेलं असतं. दादरची किंवा पार्ल्याची जागा, पुण्यात एरंडवण्यातला प्लॉट, तरुणपणी लाख-दीड लाखात घेतलेलं घर आज कोटींत गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे शेअर बाजाराच्या वाटेला कधीही न गेलेला माणूस निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातात आली, की दुसरा फ्लॅट बुक करायला निघतो. पोरगा नोकरीला लागला, की त्यालाही सल्ला मिळतो, ‘हप्ता भर, एक फ्लॅट घेऊन टाक. जागा कुठे पळून जात नाही.’

जागा पळून जात नाही, हे खरं. पण त्यात घातलेला पैसा कुठे जातो, हा आजचा प्रश्न आहे. घरांचा बाजार कोसळतो म्हणजे नेमकं काय होतं, गुंतवणूकदार त्याचा विचार कसा करतात आणि तो करताना कुठे चुकतात, हे आपण पाहू.

सुरुवात त्या जमिनीच्या वाक्यापासूनच करू. जमीन वाढत नाही हे जर कुठल्या देशाला लागू पडत असेल, तर ते जपानला. चहूबाजूंनी समुद्र, मधे डोंगर आणि राहण्याजोगी सपाट जमीन थोडी. तिथेही लोकांचा पक्का समज होता, की जमिनीचा भाव खाली येऊच शकत नाही. १९८०च्या दशकात स्वस्त कर्जाच्या जोरावर तिथे जमिनीचे भाव आकाशाला भिडले. बँका जमीन तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जातून आणखी जमीन घेतली जाई. मे १९८९मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर अडीच टक्के होता. ऑगस्ट १९९०पर्यंत तो सहा टक्क्यांवर नेला गेला. १९९१नंतर भाव उतरायला लागले आणि वर्षामागून वर्षं उतरतच राहिले. सरकारच्या वार्षिक पाहणीत देशभराची सरासरी पुन्हा वर गेलेली दिसली ती थेट २००७मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. तेवढ्या काळात जपानची जमीन जवळजवळ होती तेवढीच होती. भाव मात्र पडला होता. जमीन किती आहे याबरोबरच ती घेणाऱ्याच्या हातात पैसा किती आणि कुठल्या व्याजानं आहे, यावर भाव ठरतो.

आता अमेरिकेकडे वळू. कारण बाजार कोसळणं म्हटलं, की आपल्यापुढे २००८चं वर्ष येतं. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर हाहाकार झाला. पण घरांचे भाव त्याच्या दोन वर्षं आधी, २००६च्या मध्यावरच शिखराला पोचले होते. तिथून ते उतरत गेले आणि २०१२च्या सुरुवातीला तळाला टेकले. देशाची सरासरी घसरण सुमारे २७ टक्के होती. लास व्हेगास, फिनिक्ससारख्या शहरांत भाव निम्म्याखाली गेले. २००६चा भाव सरासरीनं पुन्हा दिसायला २०१६ उजाडलं.

या कोसळण्याची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा असं सांगितलं जातं, की बँकांनी ऐपत नसलेल्या गरिबांना कर्जं दिली आणि ती बुडाली. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०११मध्ये कर्जांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं, की २००६मध्ये घरखरेदीसाठी दिलेल्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कर्जं आधीच एक तरी घर असलेल्यांनी घेतली होती. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नेवाडा या चार राज्यांत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात होतं. जिथे भाव सर्वांत जास्त चढले आणि मग सर्वांत जास्त आपटले, तीच ही राज्यं. म्हणजे तिथल्या तेजीत घर नसलेल्या माणसाइतकाच दुसरं, तिसरं, चौथं घर घेणारा माणूस होता. यातले अनेकजण घर घ्यायचे ते वर्षभरात विकायलाच. भाड्यातून हप्ता सुटतो का, हे पाहायची त्यांना गरज वाटत नव्हती, कारण भाडेकरू ठेवायचाच नव्हता. दोन वर्षांत व्याजदर एक टक्क्यावरून सव्वापाच टक्क्यांवर गेला, पुढचं गिऱ्हाईक मिळेना आणि हप्ते थकायला लागले. राहतं घर वाचवायला माणूस पोटाला चिमटा काढतो. रिकाम्या पडलेल्या तिसऱ्या घरासाठी तो तसं करत नाही.

तिथे आणखी एक गोष्ट होती. कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या काही राज्यांत घरासाठी काढलेलं कर्ज थकलं, तर बँकेला साधारणपणे त्या घरावरच समाधान मानावं लागतं. कर्जदाराच्या पगाराला किंवा दुसऱ्या मालमत्तेला हात लावता येत नाही. त्यामुळे घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेल्यावर अनेकांनी सरळ किल्ल्या बँकेच्या हवाली केल्या. बँकेला घर सांभाळायचं नसतं, तिला पैसे हवे असतात. तिनं ती घरं मिळेल त्या भावाला काढली. एका गल्लीत अशी चार घरं विकली गेली, की पाचव्याचाही भाव तोच ठरतो.

घरांचे भाव झपाट्यानं पडायचे असतील, तर बाजारात नाइलाजानं विकणारे लागतात. नुसते घाबरलेले लोक पुरत नाहीत. शेअर बाजारात घाबरलेला माणूस मिनिटात विकून मोकळा होतो. घराचा मालक घाबरला, तर तो दलालाला सांगतो, ‘सध्या राहू दे, बाजार जरा सुधारला की बघू.’

असं का होतं, याचा एक सुंदर अभ्यास आहे. बॉस्टन शहरात १९९०च्या सुमाराला फ्लॅटचे भाव बरेच उतरले होते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मायर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १९९० ते १९९७मधल्या विक्रीच्या नोंदी पाहिल्या आणि २००१मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी चढ्या भावात घर घेतलं होतं आणि आता तोट्यात विकावं लागणार होतं, ते लोक शेजारच्या तशाच घरापेक्षा जास्त किंमत सांगत होते. तोट्याची जी रक्कम दिसत होती, तिच्या पाव ते एक तृतीयांश हिस्सा ते किमतीत चढवत. म्हणजे शंभराला घेतलेलं घर आज ऐंशीचं असेल, तर मालक पंच्याऐंशी-सत्त्याऐंशीवर अडून बसायचा. परिणाम उघड होता. अशी घरं महिनोन्‌महिने विकली जात नव्हती. डॅनियल कानेमन आणि एमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच सांगून ठेवलं होतं, की मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गमावलेल्या शंभर रुपयांचं दुःख मोठं असतं. बॉस्टनच्या घरमालकांनी ते व्यवहारात दाखवून दिलं. गुंतवणुकीसाठी घर घेतलेले लोकही याला अपवाद नव्हते. फरक एवढाच, की स्वतः राहणाऱ्या मालकांच्या मानानं त्यांचा हा हट्ट साधारण निम्मा होता.

‘घेतल्या भावाखाली विकणार नाही’ हे वाक्य आपल्याला परकं नाही. मुंबईत, पुण्यात, नाशकात ते रोज म्हटलं जातं. आपण काय भावाला घेतलं, हे आपल्याला पाठ असतं. बाजाराला त्याच्याशी काहीही कर्तव्य नसतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईनं गेल्या पस्तीसेक वर्षांत घरांची मंदी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा तिचं रूप अमेरिकेपेक्षा वेगळं होतं.

पहिली १९९५नंतरची. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या मुंबईत आल्या, अनिवासी भारतीयांचा पैसा आला, शेअर बाजारात कमावलेला पैसा जागांमध्ये शिरला. १९९५च्या सुमाराला नरिमन पॉइंटच्या कार्यालयांची भाडी जगातल्या सर्वांत महाग भाड्यांमध्ये गणली जात होती. मग भाव उतरायला लागले आणि २००३च्या आसपासपर्यंत बाजारानं डोकं वर काढलं नाही. त्या तेजीच्या काळात गृहकर्जाचा व्याजदर पंधरा टक्क्यांच्या वर होता. मध्यमवर्गीय माणूस कर्जाला भीत असे आणि गुंतवणूकदारही बराचसा स्वतःच्या पैशानंच जागा घेत असे. म्हणून अमेरिकेसारखी बँकांची जप्तीची लाट इथे आली नाही. भाव धाडकन पडले नाहीत, ओसरत गेले. २००३-०४पर्यंत गृहकर्ज आठ टक्क्यांच्या आसपास आलं, नोकरदारांची नवी पिढी कर्ज काढायला लागली आणि बाजार पुन्हा उठला.

दुसरी मंदी साधारण २०१३-१४पासून २०२०पर्यंतची. हिला कोणी मंदी म्हटलं, कोणी नाही म्हटलं, कारण छापील भाव फारसे पडलेच नाहीत. मुंबई-पुण्याच्या आणि दिल्लीच्या आसपास अनेक ठिकाणी ते होते तिथेच रेंगाळले. इमारती उभ्या राहिल्या, पण गिऱ्हाईक नव्हतं. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी झाली. मे २०१७पासून महाराष्ट्रात रेरा कायद्याचं प्राधिकरण काम करायला लागलं, त्याच वर्षी जीएसटी आला. २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही कंपनी कर्ज फेडू शकली नाही, तेव्हा बिल्डरांना पैसे पुरवणाऱ्या वित्तसंस्थांचाही हात आखडला. तरी जाहिरातीतला दर चौरस फुटाचा भाव तसाच राहिला.

याचं कारण बिल्डरच्या गणितात आहे. समजा, त्यानं भाव पंधरा टक्क्यांनी उतरवला. ज्यांनी वर्षापूर्वी जुन्या भावानं घरं घेतली आणि अजून हप्ते भरत आहेत, ते दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात येऊन बसतात. ज्या बँकेनं न विकलेले फ्लॅट तारण ठेवून कर्ज दिलं, ती विचारते, आमच्या तारणाची किंमत कमी झाली, त्याचं काय? शिवाय रेडी रेकनरचा सरकारी दर असतोच. त्याच्याखाली फार उतरून व्यवहार केला, तर आयकराचा भुर्दंड बसू शकतो. म्हणून भाव कागदावर तसाच ठेवायचा आणि सवलत दुसऱ्या खिशातून द्यायची, असा मार्ग निघतो. मुद्रांक शुल्क आम्ही भरू, पार्किंग फुकट, स्वयंपाकघर सजवून देऊ, वीस टक्के आता आणि ऐंशी टक्के ताब्याच्या वेळी. या शेवटच्या प्रकारात ताबा मिळेपर्यंत बिल्डर गिऱ्हाइकाच्या वतीनं व्याज भरत असे. तो अडचणीत आला आणि बांधकाम थांबलं, तर कर्ज मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर राहत असे. २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बांधकामाच्या टप्प्याशी न जोडता आगाऊ रक्कम देऊ नका म्हणून बजावलं आणि २०१९मध्ये राष्ट्रीय आवास बँकेनं गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं, ते याचमुळे.

म्हणजे आपल्याकडे भावाच्या आधी व्यवहारांची संख्या पडते. त्यानंतर पडतो तो पैशाचा खरा मोल. तो कसा, ते एका साध्या हिशेबानं पाहू. एक फ्लॅट सात वर्षांपूर्वी एक कोटीचा होता आणि आजही एक कोटीचाच आहे. मधल्या काळात महागाई वर्षाला पाच टक्के धरा. आजच्या एक कोटीत सात वर्षांपूर्वीच्या ७१ लाखांइतकंच सामान येतं. म्हणजे २९ टक्के घसरण झाली. अमेरिकेत दिसलेली सरासरी घसरण २७ टक्के होती. तिच्या बातम्या जगभर झाल्या. आपल्याकडे तेवढीच घसरण सात वर्षांत मुरली आणि मालक म्हणत राहिला, ‘बघा, आमच्याकडे भाव पडत नाहीत.’

हा झाला रोखीनं घेणाऱ्याचा हिशेब. कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याचा हिशेब याहून कडक आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आकडे लिहून घ्या. फ्लॅट एक कोटीचा. एवढ्या किमतीच्या घरावर बँक साधारण पाऊण हिस्सा कर्ज देते, म्हणजे ७५ लाख. २५ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साडेसहा लाख धरू. कर्ज वीस वर्षांचं, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे ६५ हजार येतो. फ्लॅट भाड्यानं दिला, महिना २५ हजार मिळाले. सोसायटीचा खर्च, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे दिवस वजा जाता हातात २० हजार राहिले. उरलेले ४५ हजार दरमहा पगारातून.

सात वर्षं गेली. भाव तोच आहे, एक कोटी. बँकेला आपण सुमारे ५५ लाख दिले. त्यातले ४१ लाख व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं फक्त १४ लाख. अजून ६१ लाख देणं आहे. आता घर विकलं, तर बँकेचे देऊन ३९ लाख हातात येतात. घातले किती? सुरुवातीचे २५ लाख, वर साडेसहा लाख आणि सात वर्षं दरमहा ४५ हजार म्हणजे ३७ लाख ८० हजार. बेरीज ६९ लाखांच्या वर जाते. म्हणजे भाव एका रुपयानंही न पडता तीस लाखांचा खड्डा पडला. भाडं वर्षागणिक थोडं वाढेल, करात काही सवलत मिळेल, त्यामुळे खड्डा थोडा भरेल. तेच पैसे ठेवीत ठेवले असते, तर त्यांचं व्याज मिळालं असतं, ते धरलं तर तो पुन्हा खोल होईल.

आणि भाव खरोखरच पडला तर? एक कोटीच्या फ्लॅटचा भाव दहा टक्के उतरला, तर नव्वद लाख राहिले. त्यातले ७५ लाख बँकेचे. आपल्या २५ लाखांतले १५ उरले. घराचा भाव दहा टक्के उतरला, पण आपला पैसा चाळीस टक्क्यांनी कमी झाला. तेजीत हीच गोष्ट उलटी होते आणि दहा टक्के वाढीत चाळीस टक्के फायदा दिसतो. कर्ज काढून जागा घेण्याची सगळी मोहिनी त्या चाळीस टक्क्यांत आहे.

अमेरिकेसारख्या किल्ल्या परत करून मोकळं होण्याची सोय आपल्याकडे नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. इथे कर्ज माणसाच्या नावावर असतं. हप्ते थकले, की २००२च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता घर ताब्यात घेऊ शकते. लिलावात आलेली रक्कम अपुरी पडली, तर उरलेलं देणं कर्जदाराच्या डोक्यावर राहतं. सहकर्जदार म्हणून बायकोची सही असेल, तर तिच्याही.

मग जाणते गुंतवणूकदार कसा विचार करतात? ‘बाजार कधी कोसळणार?’ या प्रश्नावर ते फार वेळ घालवत नाहीत, कारण त्याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर अमेरिकेतल्या घरांच्या फुग्याबद्दल तो फुटण्याआधी काही वर्षं इशारे देत होते. पुढे २०१३मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण त्यांचे इशारे ऐकूनही तेजी चालूच राहिली होती. जाणता माणूस वेगळा प्रश्न विचारतो: बाजार कोसळला, तर मला विकावं लागेल का? विकावं लागणार नसेल, तर पडलेला भाव हा त्याच्यासाठी वर्तमानपत्रातला आकडा असतो. विकावं लागणार असेल, तर तोच आकडा त्याची जमापुंजी नेतो.

अमेरिकेत २०१२मध्ये भाव तळाला असताना ब्लॅकस्टोन या मोठ्या गुंतवणूक कंपनीनं जप्तीतली आणि पडेल भावातली घरं विकत घ्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत तिच्या ‘इन्व्हिटेशन होम्स’ या कंपनीकडे हजारो घरं जमा झाली आणि २०१७मध्ये ती शेअर बाजारात आली. तिच्या खरेदीमागचं गणित भाड्याचं होतं. या किमतीला घर घेतलं, डागडुजी केली, तर भाड्यातून खर्च निघून काही उरतं का? उरत असेल, तर भाव वर जायला पाच वर्षं लागोत की दहा, थांबता येतं. अशा बड्या कंपन्यांनी घरं गोळा केल्यामुळे साध्या गिऱ्हाइकाला ती परवडत नाहीत, अशी टीका अमेरिकेत झाली आणि होते, ती वेगळ्या चर्चेची बाब आहे. आपल्याला घ्यायचा मुद्दा एवढाच, की २००६चा गुंतवणूकदार पुढच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर होता आणि २०१२चा भाडेकरूच्या.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच आहे. मोठ्या शहरांत घराचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आणि कर्जाचं व्याज त्याच्या तिप्पट. या परिस्थितीत भाड्यावर हप्ता सुटणं शक्यच नाही. म्हणजे कर्ज काढून दुसरं घर घेणारा प्रत्येकजण भाव वाढण्यावर पैज लावत असतो, मग त्याला तसं वाटो न वाटो. पैज लावू नये असं मी म्हणत नाही. ती पैज आहे हे मात्र माहीत असावं.

बांधकाम चालू असलेल्या घराची पैज दुहेरी असते. एकेकाळी मजलेच्या मजले बुकिंगच्या वेळी घेऊन ताबा मिळण्यापूर्वी विकणारे गुंतवणूकदार आपल्याकडे पुष्कळ होते. रेरा आल्यापासून प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, जमीन आणि बांधकामासाठीच ठेवावे लागतात. यामुळे पुष्कळ शिस्त आली. तरी बांधकाम रखडण्याचा धोका संपला असं नाही. तयार घराचा भाव पडला, तरी त्यात राहता येतं किंवा भाडेकरू ठेवता येतो. अर्धवट इमारतीतल्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच करता येत नाही आणि हप्ता किंवा व्याज मात्र चालू असतं.

बाजार थकला आहे हे ओळखायचं कसं, असंही लोक विचारतात. जाहिरातीतल्या भावावरून ते कळणार नाही. नोंदणी कार्यालयांत होणाऱ्या दस्तांचे आकडे पाहावेत. डिसेंबर २०२०मध्ये मुंबईत महिन्याभरात १९ हजारांवर दस्त नोंदले गेले, कारण सरकारनं मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणलं होतं आणि ती सवलत महिनाअखेर आटणार होती. कर्जंही तेव्हा स्वस्त होती. सात वर्षं रेंगाळलेला बाजार तीन टक्क्यांच्या सवलतीनं आणि उतरलेल्या व्याजानं जागा झाला. गिऱ्हाईक घराच्या गरजेपायी थांबलेलं होतं, त्याला परवडण्याची वाट होती, हे त्यातून दिसलं. दुसरी खूण याहून सोपी. नव्या वसाहतीत रात्री नऊच्या सुमाराला एक चक्कर मारावी आणि किती खिडक्यांत दिवे लागले आहेत ते मोजावं. ताबा देऊन दोन वर्षं झाली आणि निम्मी इमारत अंधारात असेल, तर ती घरं राहणाऱ्यांनी नव्हे, विकणाऱ्यांनी घेतली आहेत. उद्या आपण विकायला निघालो, की तेही आपल्याच रांगेत उभे असणार.

राहण्यासाठी घर घेणाऱ्यांनी या सगळ्यानं घाबरून जाऊ नये. ज्याला हप्ता पेलतो, ज्याला त्या घरात दहा-पंधरा वर्षं राहायचं आहे, त्यानं भाव पाच टक्के खाली येईल म्हणून संसार अडवून ठेवायचं कारण नाही. त्याचं घर त्याला रोज काहीतरी देत असतं. माझं बोलणं आहे ते दुसऱ्या घराबद्दल, आणि विशेषतः निवृत्तीची रक्कम हातात घेऊन बसलेल्या मंडळींबद्दल. त्यांना औषधपाण्याला, मुलीच्या घरी जायला-यायला, कधी ऑपरेशनला पैसे लागणार. फ्लॅटची एक खोली विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. विकायचा तर सगळा विकावा लागतो, तोही गिऱ्हाईक मिळेल तेव्हा.

म्हणून बुकिंगच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. हे घर पुढची सात वर्षं विकता आलं नाही, तर आपलं चालेल का? हप्ता भरता येईल का, आजारपण निघालं तर वेगळे पैसे आहेत का, पोराची नोकरी सहा महिने गेली तर काय करायचं? उत्तर ‘चालेल’ असं आलं, तर खुशाल घ्या. मग बाजार वर जावो की खाली, तुमची झोप उडणार नाही. उत्तर देताना कोणी घुटमळलं, तर बुकिंगची रक्कम तूर्त बँकेतच राहू द्या.